गप्प बसायची सहल

आमच्या सगाला नावाच्या डोंगराच्या पायथ्याला मघोईचं नाव निघालं की पाठोपाठ तिच्या आवाजाचं नाव निघायचं. बाई दिसायला किरकोळ, उंची बेताची, गुडघे कुरकुरणारे. पण तोंड उघडलं की पलीकडच्या रानातला माणूस हातातलं खुरपं खाली ठेवायचा. चर्चमध्ये तिला शेवटच्या बाकावर बसवत, कारण पुढे बसून तिने भजन धरलं तर पाद्रीबाबा स्वतःच गायचे थांबत. नवरा होता तोवर लांब मोम्बासाला रेल्वेत कामाला होता, आणि लोक म्हणत की त्याने ती नोकरी मुद्दाम लांबची शोधली. हे मघोईच्या कानावर होतंच. ती म्हणायची, लांब तर लांब, मी हाक मारली की ऐकू जातं त्याला.

एरवी लोक तिच्या आवाजाला नाकं मुरडत. पण मूग शेंगांवर आले, मका कणसाला लागला, की त्याच आवाजाला सोन्याचा भाव यायचा. कारण रेल्वेच्या भरावापलीकडे त्सावोचं जंगल, आणि जंगलात हत्ती. तांबड्या मातीत लोळून लोळून तांबडे झालेले. त्यांना आमची शेती फार आवडते. आम्हालाही तीच आवडते, म्हणून तर आमचं पटत नाही.

हत्ती शेतात शिरला की ज्याला आधी दिसेल त्याने हाळी द्यायची आणि हाताशी असेल ते बडवायचं. डबा असो, पत्रा असो, नाहीतर रिकामं पातेलं. आणि ती हाळी ज्याच्या कानावर पडेल त्याने उलट हाळी द्यायचीच. मग बांधावरून भांडण असो, अंगात ताप असो, तोंडात घास असो. मयतीला न आलेल्या माणसाला आम्ही एक वेळ माफ करू, पण हाळीला हाळी न देणाऱ्याला नाही. वरच्या वस्तीतला एक म्हातारा म्हणे असाच एकदा पांघरुणात गप्प राहिला होता. तो मरून गेला, त्याची मुलं म्हातारी झाली, तरी त्या घराला अजून ‘मुक्याचं घर’ म्हणतात. तिथे मुलगी द्यायची तर लोक दोनदा विचार करतात.

मघोईची एकुलती एक लेक वाकियो. ती या आवाजाखालीच वाढली. चालता यायला लागली तशी आईच्या शेजारी शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसून हाळी द्यायला शिकली. तिची हाळी बारीक होती, पण सुईसारखी टोकदार, पार भरावापर्यंत जायची. शेजारणी कौतुकाने म्हणायच्या की आईची गादी चालवणार पोरगी. मघोईला मात्र ते कौतुक विषासारखं लागायचं. तिच्या मनात एकच होतं, की पोरीच्या नशिबी डबा नको. तिने गायी विकल्या, पोरीला वोई शहरातल्या शाळेत घातलं, मग पुढे पाहुण्यांना जंगल दाखवायचं शिक्षण मिळतं त्या कॉलेजात. माझ्या पोरीचे हात डबा बडवायला नाहीत, असं ती ज्याला त्याला सांगायची. ज्याला त्याला ते आवडायचं नाही, कारण त्यांच्या पोरींचे हात डबाच बडवत होते.

वाकियो शिकून आली आणि त्याच सुमारास नैरोबीहून ‘हत्ती-सोबती’ नावाची एक संस्था आमच्याकडे आली. आमच्या मनात हत्तींबद्दल प्रेम उत्पन्न करायचं, हे त्या संस्थेचं काम. आमच्याबद्दल हत्तींच्या मनात काही उत्पन्न करण्याचा विचार तूर्त नव्हता. संस्थेचे साहेब मुरीथी. माणूस वाईट नव्हता. समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचा, मान हलवायचा, आणि मान हलवून झाली की आपलंच सांगायचा. त्याने वाकियोला कामावर घेतलं, पण कच्चं. हंगामभर बघू, म्हणाला, मग पक्कं करू.

आणि मग साहेबांच्या डोक्यातून ती सहल निघाली. सगालाच्या बायकांना गाडीत घालून जंगलात न्यायचं आणि हत्ती दाखवायचे. ज्यांनी जन्मभर आम्हाला झोपू दिलं नाही, त्यांच्याच दारी आम्ही नटूनथटून जायचं. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. साहेबांचं म्हणणं असं की तुम्ही हत्तीला कायम रागाने बघितलंत, एकदा प्रेमाने बघा. परदेशातून संस्थेचे मोठे पाहुणे येणार होते, ते दुसऱ्या गाडीतून येणार होते. पाहुण्यांनी हत्ती बघायचे, आणि हत्तींकडे प्रेमाने बघणाऱ्या आमच्या बायकाही बघायच्या.

सहल सांभाळायची जबाबदारी वाकियोवर. साहेबांनी तिला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की तुझ्या बायका नीट वागल्या तर तू त्याच दिवशी पक्की, आणि त्यांनी पाहुण्यांसमोर गोंधळ घातला तर मग आम्हाला दुसरं माणूस बघावं लागेल. वाकियो तशी धीराची, पण त्या आठवड्यात तिचं खाणंपिणं सुटलं. रविवारी घरी आली, आईने पुढे केलेला चहा तसाच हातात धरून बसली आणि म्हणाली, “आई, तू नाही आलीस तर चालेल?”

“का गं?”

“तुला गप्प बसता येत नाही.”

मघोईला हे लागलं. पण पोरीचा उतरलेला चेहरा बघून तिने राग गिळला. म्हणाली, “येतं की. आजवर कुणी बस म्हणालं नाही, म्हणून बसले नाही.”

आणि मघोईला घरी ठेवून भागणारही नव्हतं. ती येत नाही म्हटल्यावर बाकीच्या बायका म्हणाल्या असत्या की मग यात काहीतरी गोम आहे, आणि एकही गाडीत चढली नसती. तेव्हा मघोई जाणार हे ठरलं, आणि मघोईने गप्प बसायची तालीम सुरू केली. एक अख्खा दिवस ती कुणाशी बोलली नाही. कोंबड्यांना दाणेसुद्धा मुक्याने टाकले. कोंबड्या बिचकून लांब उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत वस्तीत बातमी पसरली की वाकियोच्या आईचं काही खरं नाही. शेजारची मकावासी, जिच्याशी मघोईचं बांधावरून वर्षानुवर्षं वाकडं, ती वाडगाभर लापशी घेऊन बघायला आली. मघोईने खुणेने सांगितलं की मी ठणठणीत आहे. मकावासी लापशी परत घेऊन गेली आणि तिने सगळ्यांना सांगितलं की वाचा गेली.

सहलीच्या दिवशी सकाळी गाडी भरली. ठेवणीतले रंगीत कापडाचे खांगे नेसून, डोक्याला फडकी बांधून बायका बसल्या. कुणी उकडलेला कसावा घेतला होता, कुणी मांडाझी तळून आणले होते. मकावासीने चहाचा भलामोठा थर्मास मांडीवर घेतला होता आणि ती नेमकी मघोईच्या शेजारी येऊन बसली. पुढे ड्रायव्हर म्वाबिलीच्या बाजूला वाकियो, हिरव्या गणवेशात, बूट चकचकीत केलेले. तिने मागे वळून नियम सांगितले. उभं राहायचं नाही, हात बाहेर काढायचे नाहीत, काही वाजवायचं नाही, आणि कुणीही, कुणीही म्हणजे कुणीही ओरडायचं नाही.

मागून कुणीतरी विचारलं की मग हत्ती दिसल्यावर करायचं काय. वाकियो म्हणाली, बघायचं. आणि मग, असं विचारल्यावर पुन्हा म्हणाली, बघायचं. बायकांना हे काम फारच थोडं वाटलं. मघोईने खांग्याचा पदर गोळा करून तोंडाशी धरला आणि पोरीकडे बघून मान डोलावली.

जंगलात शिरल्यावर पहिला तासभर मजेत गेला. झेब्रे दिसले, त्यांच्या गुबगुबीतपणावर चर्चा झाली. जिराफ दिसला तेव्हा एकीने विचारलं की एवढ्या लांब गळ्यातून पाणी खाली पोचेपर्यंत याची तहान वाढत असेल का. वाकियो हसली, म्वाबिली हसला. सगळ्या बडबडत होत्या, मघोई तेवढी गप्प. मकावासी मधूनमधून तिच्याकडे संशयाने बघत होती.

मग गाडी पाणवठ्याशी आली. पाहुण्यांची गाडी आधीच येऊन उभी होती, छत उघडं, त्यातून चार-पाच गोरी डोकी आणि लांबलचक कॅमेरे बाहेर आलेले. मुरीथी साहेब त्यांच्याबरोबर होते. त्यांनी आमच्या गाडीकडे बघून हात केला. समोर हत्तींचा कळप पाण्यात उभा होता. एक पिल्लू चिखलात घसरलं, उठलं, पुन्हा घसरलं, तेव्हा त्याच्या आईने मागून पायाने त्याला जरा वर ढकललं आणि आपण पाणी प्यायला लागली. जणू काही झालंच नाही.

मघोई बघत राहिली. जन्मभराची ओळख, पण हत्तीला त्याच्या स्वतःच्या घरात, दिवसाउजेडी, आपल्या कामात असलेलं तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिला ते पिल्लू आवडलं. आणि आवडलं म्हणून स्वतःचाच राग आला, कारण दोन-तीन वर्षांत हेच ध्यान तिच्या मुगात शिरणार होतं. पण ती बघत राहिली. गाडीत सगळ्याच गप्प झाल्या होत्या. पाहुण्यांचे कॅमेरे हत्तींवरून आमच्या बायकांकडे वळले होते, आणि साहेबांचा चेहरा असा फुलला होता की पोरीचं काम झालं, हे मघोईला इतक्या लांबूनही कळलं. तिच्या पोटात आनंद मावेना.

वाकियोही सैलावली. ती पाठ खिडकीला टेकवून बायकांकडे तोंड करून बसली आणि हळू आवाजात समजावू लागली की हत्ती मुळात शांत प्राणी आहे, त्याला कुणी त्रास दिला नाही तर तोही कुणाला त्रास देत नाही. बायका एकमेकींकडे बघत होत्या. कुणी काही बोललं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

तेवढ्यात डावीकडच्या झुडपातून एक थोराड नर बाहेर आला. मोठा हत्ती चालताना आवाज करत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पाहुण्यांना नवल वाटतं. तो सरळ गाडीशी आला आणि वाकियोच्या पाठीमागच्या खिडकीबाहेर उभा राहिला. आत सगळीकडे सावली पडली. बायकांचे चेहरे बघून वाकियो मागे वळली. हातभर अंतरावर त्याचा डोळा होता.

आणि हाळी आली. बारीक, सुईसारखी टोकदार. पाठोपाठ तळहाताने दाराचा पत्रा बडवल्याचा आवाज. हिरवा गणवेश, कॉलेजचं शिक्षण, हत्ती शांत प्राणी आहे, सगळं बाजूला राहिलं आणि माळ्यावरची पोर ओरडली.

हाळी कानावर पडल्यावर आमच्या बायका काय करणार. सगळ्या गाडीने उलट हाळी दिली. मकावासीने थर्मास समोरच्या बाकाच्या लोखंडावर असा आपटला की झाकण उडालं. एकीने डब्याचा ठणठणाट केला, दुसरीने नुसते पाय आपटले. तो नर दचकून एवढा चीत्कारला की गाडी हलली, आणि वळून धावत सुटला तो नेमका पाहुण्यांच्या गाडीला घसटून. कळप पाण्यातून उसळला. पिल्लाला मध्ये घेऊन सगळे हत्ती झाडीत पसार झाले आणि मागे फक्त तांबडी धूळ उरली. पाहुण्यांपैकी एकाचा कॅमेरा खाली पडून फुटला होता.

गाडीत एकटी मघोई गप्प होती. खांग्याचा पदर दातांत घट्ट, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले. हाळी तिच्या गळ्यापर्यंत आली होती, ती तिने दाबून धरली आणि त्या दाबण्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हाळीला हाळी न देण्याची तिची ही आयुष्यातली पहिली वेळ.

धूळ खाली बसायच्या आत साहेबांची गाडी शेजारी येऊन थांबली. साहेब एरवी आवाज चढवणारे नव्हते, आजही चढवला नाही, पण ओठ पांढरे पडले होते. मागे पाहुणे बघत होते. साहेबांनी विचारलं, “पहिल्यांदा कोण ओरडलं?”

म्वाबिली स्टिअरिंगकडे बघत बसला. वाकियोचा चेहरा राखेसारखा झाला होता. हात अजून दारावरच होता. तिने तोंड उघडलं. ती खरं सांगणार होती, हे मघोईने ओळखलं. पोरीला तिनेच तसं वाढवलं होतं आणि त्या क्षणी तिला त्याचा पश्चात्ताप झाला.

मघोईने पदर तोंडातून काढला. “मी,” म्हणाली.

साहेबांनी गाडीभर नजर फिरवली. नजर येऊन ठरली मकावासीवर, कारण तिच्या हातात चेपलेला थर्मास होता. वाकियो मकावासीकडे बघू लागली. या बाईने बांधावरच्या वितभर जमिनीसाठी मघोईला चावडीवर उभं केलेलं होतं, आणि आज तिच्या तोंडात मघोईच्या पोरीचं सगळं भविष्य होतं.

“हीच,” मकावासी म्हणाली. “हिला कधी तोंड आवरलंय? जित्याची खोड, साहेब, ती मेल्याशिवाय जायची नाही.”

हे तिने इतक्या चवीने सांगितलं की शंका घ्यायला जागाच उरली नाही. मागच्या बाकावरून दोघी-तिघींनी ‘नाहीतर काय’ म्हणून दुजोरा दिला. मघोईच्या नावावर खोटं पचवायला कष्ट पडत नाहीत, इतकी तिची कीर्ती.

पण साहेब एवढ्यावर थांबले नाहीत. ते वाकियोकडे वळले. पाहुण्यांनाही कळावं म्हणून जरा मोठ्याने म्हणाले, “ही तुझी आई ना? आई आहे म्हणून सोडून देणार आहेस का तिला?”

आता आली का पंचाईत. आपलेच दात, आपलेच ओठ. मघोईने वाकियोकडे बघून हनुवटी जराशी वर केली, जशी ती माळ्यावरून करायची: हं, दे आता.

वाकियोने सुरुवात केली ती अडखळत. आई, तुला सांगितलं होतं ना. नियम सगळ्यांना सारखे असतात. तू सगळ्यांची सहल खराब केलीस. मघोई मान खाली घालून ऐकत होती आणि मनात म्हणत होती, जोर कमी पडतोय, अजून जोर लाव. आणि पोरीचा आवाज खरंच चढत गेला.

“तुझं हे कायमचंच आहे,” वाकियो म्हणाली. “लहानपणापासून बघतेय. अभ्यासाला बसले तरी तुझा ओरडा, झोपले तरी तुझा ओरडा. शाळेत मला हत्तीहाकणीची पोर म्हणायचे, माहितेय तुला? वोईच्या बाजारात तू लांबून हाक मारलीस की मी दुकानात लपायचे. चार माणसांत तुझ्यामुळे कधी मान वर करता आली नाही मला. कधी म्हणजे कधी नाही.”

इथे ती थांबली, कारण आपण काय बोललो ते तिलाच ऐकू आलं होतं.

मघोईची मान खालीच होती. पहिला भाग साहेबांसाठी होता, तो तिला कळला होता. नंतरचा भाग साहेबांसाठी नव्हता, हेही तिला कळलं. तिला फार वाईट वाटलं.

साहेब मात्र प्रसन्न झाले. त्यांनी पाहुण्यांना सांगितलं की हाच तो बदल, जो आम्ही इथे घडवतोय. या मुलीने स्वतःच्या आईलाही पाठीशी घातलं नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, हळूच, कारण जंगलात आवाज करायचा नसतो. साहेबांनी तिथल्या तिथे वाकियोला पक्कं केलं. मग त्यांनी मघोईबद्दलही निर्णय दिला की या बाईंना संस्थेच्या कुठल्याही गाडीत यापुढे घ्यायचं नाही, आणि ते आईला वाकियोनेच सांगावं म्हणाले. तिने सांगितलं. मघोई म्हणाली, बरं.

पाहुण्यांना आणखी हत्ती शोधून द्यायचे होते, म्हणून साहेबांनी वाकियोला आपल्या गाडीत घेतलं. ती उतरताना एकदा आईकडे वळली, पण साहेब दार धरून उभे होते. आमची गाडी तिच्याशिवाय परत निघाली.

फाटकापर्यंत बायका वाट बघत होत्या की आता मघोईचा पट्टा सुटेल. साहेबाचा उद्धार होईल, पोरीचा होईल, निदान हत्तींचा तरी होईल. मघोई खिडकीबाहेर बघत बसली होती. मकावासीने थर्मासमधला उरलेला चहा झाकणात ओतून तिच्यापुढे धरला. तिने घेतला, पण प्यायली नाही.

शेवटी मकावासीलाच राहवेना. “बोल की गं काहीतरी,” ती म्हणाली. “आता कोण अडवतंय तुला?”

“काय बोलू? पोरीला नोकरी लागली.”

मग पुढच्या बाकावरच्या बाईलाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात मघोईने विचारलं, “खरंच मान वर करता येत नव्हती का गं तिला?”

मघोईला टोचायची एकही संधी मकावासीने आजवर सोडली नव्हती, आणि ही तर आयती चालून आली होती. तिने थर्मासवरच्या पोच्यावरून अंगठा फिरवला.

“नाटक होतं ते,” ती म्हणाली. “साहेबासमोर बोलावं लागतं तसं. शिकलेल्या पोरी आहेत, त्यांना येतं सगळं.”

“हो ना?” मघोई म्हणाली. “मग चांगलं केलं तिने.”

आणि तिने हातातला चहा, पार थंड झालेला, एका दमात पिऊन टाकला.